जपानी चित्रातल्या बायांचे हात

शिर्डीत चित्रांची वाण नाही. एस. टी. स्टँडवरून देवळाच्या दिशेने चालू लागा, दोन्ही बाजूंना चित्रेच चित्रे. खिशात मावणारे, भिंत झाकणारे, चमकीचे, आत दिवा लागणारे. लांबून आलेला हमाल असो की शेतमजूर, मूर्ती परवडली नाही तरी छापील चित्र घेऊनच तो गावी परततो. आपल्या घरांतही तथागतांची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो छापखान्याच्या वाटेनेच आले. कष्टकऱ्याच्या भिंतीवर चित्र चढले ते छपाई स्वस्त झाली म्हणून.

आज ज्या चित्रांविषयी लिहीत आहे तीही अशीच स्वस्तातली, बाजारात ढिगाने विकली जाणारी होती. फक्त ती जपानची, सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीची आणि लाकडी ठशांनी छापलेली. आज त्यातले एखादे मूळ चित्र घ्यायचे तर लाखो रुपये मोजावे लागतात. त्या काळी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, साधे रंगीत चित्र गाडीवरच्या एक वाटी शेवयांच्या किमतीला मिळत असे.

नात्यातला एक मुलगा पुण्याला जपानी कंपनीत कामाला आहे. त्याने दिलेल्या कॅलेंडरचे एक पान मी जपून ठेवले आहे. चित्र तोरी कियोनागा या चित्रकाराचे, १७८४ च्या सुमाराचे. समुद्राकडे उघडणारी ओसरी. तीन-चार उंच, सडपातळ बाया. एक उभी, एक रेलून बसलेली, एक मागे वळून पाहणारी. अंगावर पायघोळ किमोनो, पाठीवर रुंद पट्ट्याची गाठ. मागे संथ पाणी, दूरवर शिडाच्या होड्या. वाऱ्याची झुळूक आपल्यालाही लागावी इतके सारे शांत. पाहिल्याबरोबर डोळे निवतात.

आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाच्या बैठकीत मी ते पान नेले होते. सगळ्याजणींनी हातोहाती पाहिले. कोणी किमोनोचे काठ पाहिले, कोणी केसांची ठेवण. आयुष्यभर ऊसतोडीला गेलेल्या एक मावशी होत्या. त्यांनी पान डोळ्यांजवळ धरले, लांब धरले आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्या बायांच्या हाताला कामच न्हाई का काही? पोटाला कोन घालतं त्यांच्या?"

बैठक हसली. पण कलेच्या जाड जाड पुस्तकांतही इतका नेमका प्रश्न क्वचित सापडतो. या लेखात त्याचे उत्तर जमेल तसे देतो.

त्या चित्रातली जागा शिनागावा आहे. एदोहून क्योतोकडे जाणाऱ्या तोकाइदो नावाच्या मोठ्या रस्त्यावरचा हा पहिला मुक्काम. समुद्रकाठी खाणावळी आणि चहाघरे होती. वाटसरूंना 'जेवण वाढणाऱ्या बाया' म्हणून सरकारदरबारी ज्यांची नोंद असे त्यांना प्रत्यक्षात कोणता धंदा करावा लागे हे सगळ्यांना ठाऊक होते. कियोनागाच्या त्या चित्रमालेचे नाव 'दक्षिणेचे बारा महिने' असे आहे. एदोच्या दक्षिणेला शिनागावा, म्हणून दक्षिण. म्हणजे ओसरीवर वारा खात बसलेल्या त्या बाया कामावरच आहेत. शांतपणे, सुंदर दिसत बसणे हाच कामाचा पहिला भाग.

एदोची मुख्य वस्ती योशिवारा. १६१७ मध्ये सरकारी परवानगीने ती बसवली. मोठ्या आगीनंतर १६५७ मध्ये गावाबाहेर असाकुसाच्या मागे हलवली. भोवती खंदक, आत-बाहेर करायला एकच मोठा दरवाजा. आत येणाऱ्या मुली बहुतेक गरीब शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या. काही तर सात-आठ वर्षांच्या. दुष्काळ पडला, कर भरता आला नाही, बाप आजारी पडला की दलाल दारात उभा. आई-बापाच्या हातावर आगाऊ रक्कम ठेवायची आणि मुलीने ती दहा वर्षे फेडायची. पण तिचे कपडे, अंथरूण, जेवण, औषधपाणी हे सगळे पुन्हा तिच्याच खात्यावर. चित्रात आपल्याला भुरळ घालणारा तो भारी किमोनोसुद्धा कर्जातच. रक्कम फिटायची ती कागदावरच.

आपल्या नगर जिल्ह्यात या आगाऊ रकमेला शब्द शोधावा लागत नाही. उचल. साखर कारखान्याचा मुकादम कोयत्याला उचल देतो आणि हंगामभर नवरा-बायकोची जोडी बांधली जाते. दोन्ही गोष्टी एक आहेत असे मी म्हणत नाही. ऊसतोडणी कामगार हंगाम संपला की घरी येतो, त्या मुलींना तो दरवाजा ओलांडता येत नव्हता. पण मावशींना मी उचल हा एकच शब्द सांगितला आणि त्या एकदम गप्प झाल्या. पुढे काही समजावून सांगावे लागले नाही.

टोकियोत मिनोवा भागात जोकान-जी नावाचे बौद्ध विहार आहे. ज्यांचे प्रेत न्यायला कोणी नातलग नाही अशा योशिवाराच्या बायांची प्रेते चटईत गुंडाळून या विहाराच्या दारात आणून टाकत. १८५५ च्या भूकंपात कितीतरी बाया तशाच आणल्या गेल्या. लोकांनी विहाराला 'टाकून जायचे देऊळ' असे नावच पाडले. अशा सुमारे पंचवीस हजारजणी तिथे विसावल्या आहेत असे सांगतात. त्यांच्या नावाने स्तूप उभा आहे आणि लोक आजही तिथे फुले वाहतात. जपान सरकारने १८७२ मध्ये या बायांना मुक्त केल्याचा हुकूम काढला खरा, पण धंदा वेगळ्या नावाने चालूच राहिला. त्याला कायद्याने बंदी आली ती थेट १९५६ मध्ये, आणि शिक्षेची कलमे लागू झाली १९५८ च्या एप्रिलपासून.

मग ही चित्रे फसवी का? एका अर्थाने होय. ती एक प्रकारची जाहिरातच होती. पण सगळ्या चित्रकारांची नजर सारखी नव्हती. कियोनागानंतर कितागावा उतामारो आला. बायांच्या चेहऱ्याचा इतका बारीक जाणकार त्या काळात दुसरा नव्हता. योशिवाराची चित्रे त्यानेही ढीगभर काढली. पण १७९५ च्या आसपास त्याने स्वयंपाकघराचे एक चित्र केले आहे. एक बाई बांबूच्या नळीने चूल फुंकते आहे. आपली फुंकणीच ती! धुराने-वाफेने दुसरीचा चेहरा वाकडा झाला आहे. तिसरी भाजी सोलते आहे आणि पाठीशी पोर लोंबकळते आहे. याच उतामारोने रेशमाच्या कामावर बारा चित्रांची मालिका केली. अळ्यांना तुतीचा पाला घालण्यापासून कोशाचा धागा काढण्यापर्यंत आणि पुढे विणकामापर्यंत सगळ्या चित्रांत बायाच. बाया इथेही सुंदर आहेत, पण प्रत्येकीच्या हाताला काम आहे.

या मालिकेची चित्रे येवल्यात दाखवावीत असे माझ्या फार मनात आहे. शिर्डीहून कोपरगाव ओलांडले की येवले. येवल्याचे नाव घेतले की आपल्या लोकांना आधी १३ ऑक्टोबर १९३५ आठवतो, ते साहजिकच आहे. पण येवले पैठणीचेही गाव. तिथे घराघरांत माग आहेत. रेशीम उकलणे, कांड्या भरणे ही कामे कितीतरी घरांत बायाच करतात. पैठणी नेसलेल्या बाईचा फोटो सगळीकडे दिसतो, कांडी भरणारीचा दिसत नाही. उतामारोने दोनशे वर्षांपूर्वी तिला चित्रात आणले. १८०४ मध्ये त्याने जुन्या राज्यकर्त्याचे चित्र काढले म्हणून सरकारने त्याचे हात पन्नास दिवस बेड्यांत अडकवून ठेवले. त्यानंतर दोन वर्षांतच तो वारला. पुढे १८४२ मध्ये योशिवाराच्या बायांची आणि नटांची चित्रे छापायलाच सरकारने बंदी घातली. कारण बायांची दया नव्हे. सामान्य लोक चैनी होतात ही सरकारची तक्रार!

आता दुसऱ्या हातांकडे वळू. चित्रावर नाव कोणाचे असते? चित्रकाराचे आणि प्रकाशकाचे. पण चित्रकार फक्त काळ्या रेघांचे रेखाटन करून देई. ते पातळ कागदावरचे रेखाटन रानचेरीच्या फळीवर उलटे चिकटवायचे. मग कोरणारा कारागीर सुरीने आणि पटाशीने रेघ तेवढी ठेवून बाकीचे लाकूड काढून टाकी. कचेरीतला रबरी शिक्का पाहा: उंच भाग शाई घेतो, खोल भाग कोरा राहतो. तत्त्व तेच. पण इथे रेघ केसाएवढी. बाईच्या कपाळावरून मागे गेलेले केस एकेक करून लाकडात उभे ठेवायचे. हे काम मुख्य कारागिराचे. किमोनो आणि झाडेझुडपे शिकाऊ पोरांकडे. उमेदवारी दहा-दहा वर्षांची.

पहिल्या फळीवरून काळे छाप काढले की चित्रकार प्रत्येक छापावर कुठला रंग कुठे ते सांगे. मग प्रत्येक रंगासाठी फळी कोरायची. फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला दोन खाचा ठेवलेल्या असत. कागद दर वेळी त्या खाचांना टेकवून ठेवायचा म्हणजे रंग इकडचा तिकडे होत नाही. एवढी साधी युक्ती, पण तिच्याच बळावर १७६५ पासून पूर्ण रंगीत चित्रे निघू लागली. सुझुकी हारुनोबू हा त्यातला पहिला मोठा चित्रकार. छापायला यंत्र नाही. ब्रशने फळीवर पाण्यात कालवलेला रंग आणि भाताची खळ लावायची, वर ओलसर कागद ठेवायचा आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या गोल चकतीने पाठीमागून घासायचे. दहा रंग असतील तर एकच कागद दहा वेळा. छापणारा पालथी मांडी घालून दिवसभर घाशीत असे. दिवसाकाठी दोनशेच्या आसपास कागद होत, असे म्हणतात.

कागद तुतीच्या जातीच्या झुडपाच्या सालीचा. रंग पसरू नये म्हणून त्याला सरस आणि तुरटीचे पाणी दिलेले. लाल रंग कशाचा असेल? करडईच्या फुलांचा. आपल्याकडे करडई तेलासाठी पेरतात, ज्या फुलांचे काटे बोचतात म्हणून काढणीला मजूर लवकर मिळत नाही तीच ही करडई. हा लाल आणि एका रानफुलाचा निळा उन्हाने उडतात. म्हणून जुन्या चित्रांत निळे पाणी आज पिवळट दिसते, जांभळा किमोनो तपकिरी. मोठमोठी संग्रहालये ही चित्रे थोडे दिवस मंद उजेडात मांडतात आणि पुन्हा पेटीत ठेवतात.

कोरणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव बहुतेक चित्रांवर नाही. कियोनागाच्या त्या ओसरीचा समुद्र ज्याने घासून घासून संथ केला तो कोण होता, हे त्या चित्रावरून कळत नाही. पुढे ही चित्रे युरोपात गेली. व्हॅन गॉगसारख्या चित्रकाराने १८८७ मध्ये हिरोशिगेच्या दोन चित्रांवरून तैलचित्रे रंगवली. नाव हिरोशिगेचे झाले आणि व्हॅन गॉगचेही. लाकूड कोरणारा तिकडच्या पुस्तकांतही मागेच राहिला.

या कलेचा आपल्या महाराष्ट्राशी थेट संबंध आला तो एका माणसामुळे. त्याचे नाव हिरोशी योशिदा. जन्म १८७६. तेलरंग आणि जलरंगात नाव मिळवल्यावर चाळिशी ओलांडून तो लाकडी ठशांकडे वळला. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियोत प्रचंड भूकंप झाला, आगी लागल्या. त्यात त्याच्या प्रकाशकाचे दुकान जळाले आणि त्याची पहिली चित्रे फळ्यांसकट राख झाली.

त्याच आगीत आणखी एक गोष्ट जळाली, आणि ती आपल्या अजिंठ्याची होती. अराई काम्पो हा जपानी चित्रकार १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून भारतात आला होता. १९१७-१८ च्या हिवाळ्यात त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भिंतीवरच्या चित्रांच्या नकला केल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. भूकंपानंतरच्या आगीत त्या गेल्या.

त्यानंतर सात वर्षांनी, १९३० च्या अखेरीस, योशिदा स्वतः भारतात आला. बरोबर थोरला मुलगा तोशी, वय १९. हिमालय, काशी, आग्रा, अमृतसर, उदयपूर असा मोठा प्रवास त्यांनी केला आणि अजिंठा-वेरूळही पाहिले. तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. परत गेल्यावर त्याने भारत आणि आग्नेय आशियाच्या प्रवासाची जी ठशांची मालिका छापली तिच्यात अजिंठा आहे आणि वेरूळही आहे. शिर्डीतून रोज कितीतरी गाड्या यात्रेकरूंना घेऊन वेरूळला जातात. तेच दगड चेरीच्या लाकडात कोरले जाऊन तुतीच्या कागदावर उतरले आहेत, हे गाडीतल्या कुणाच्या गावीही नसते.

अजिंठ्याच्या भिंतींवरही सुंदर बाया आहेत, हे वाचकांनी पाहिलेच असेल. राण्या आहेत, त्यांच्यामागे चवरी ढाळणाऱ्या आणि तबक धरलेल्या दासी आहेत. मावशींचा प्रश्न तिथेही विचारून पाहायला हरकत नाही. पुढच्या सहलीला मुलांना तसे सांगावे: आधी चेहरे पाहू नका, हात पाहा.

योशिदाची काम करण्याची रीत जुन्या मंडळींपेक्षा वेगळी होती. चित्रकाराला कोरण्याचे आणि छापण्याचे काम कारागिरापेक्षा जास्त कळले पाहिजे असे तो मानी. तो ते शिकला, स्वतःचा कारखाना काढला, कारागीर पगारावर ठेवले आणि प्रत्येक छापावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली. चित्राच्या कडेला 'स्वतः छापलेले' असा शिक्का असे. रंगांचे थर तीस-तीस, काही चित्रांना त्याहून कितीतरी जास्त. एकाच फळ्यांवर रंग बदलून तो सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र छापी. १९२६ ची त्याची होड्यांची चित्रे अशीच आहेत. होडी तीच, पाणी तेच, वेळ निराळी. शिक्का स्वतःचा असला तरी घासणारे हात बहुतेक वेळा पगारी कारागिराचेच होते. एवढे मात्र खरे, की त्यांचे काम काय असते ते मालकाला स्वतःच्या हाताने माहीत होते. किती मालकांविषयी असे म्हणता येते?

आणि त्याची पत्नी. फुजिओ योशिदा, जन्म १८८७. ही स्वतः चित्रकार. लग्नाआधीच, विशीच्या आत, तिने अमेरिकेत जाऊन आपली जलरंगातली चित्रे प्रदर्शनात मांडली होती. १९०७ मध्ये लग्न झाले. मग मुले, संसार, नवऱ्याचा कारखाना आणि प्रवास. याआधी होकुसाईच्या घरीही असेच होते. त्याची मुलगी ओई उत्तम चित्रकार, बायांची चित्रे ती बापापेक्षा सरस काढते असे खुद्द बाप म्हणे, अशी आठवण सांगितली जाते. पण तिच्या नावाची चित्रे आज मोजकीच उरली आहेत. बापाच्या कामात तिचा हात कुठे कुठे असेल, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

फुजिओचे तसे झाले नाही. १९५० मध्ये हिरोशी वारला. साठी ओलांडलेल्या फुजिओने त्यानंतर स्वतःची ठशांची चित्रे काढली. फुले, पण पूर्ण झाड नाही. एकच फूल इतके जवळून की पाकळीचा काठ कागदाच्या बाहेर जातो. ती १९८७ पर्यंत जगली. तिच्या धाकट्या मुलाची बायको चिझुको, तीही ठसे कोरणारी. १९५६ मध्ये चिझुकोने इतर स्त्री कलावंतांबरोबर बायांची स्वतंत्र ठसा-चित्रकार संघटना उभी केली. नातही त्याच कामात आली. शिनागावाच्या ओसरीपासून ते १९५६ पर्यंत पावणेदोनशे वर्षे गेली होती, आणि आता रेखाटन, सुरी आणि घासायची चकती एकाच बाईच्या हातात होती.

कॅलेंडरचे ते पान मावशींनी मागून घेतले आहे. त्यांच्या नातीला पाटीवर ती होडी काढायची आहे म्हणे.